छप्पर जळालं, तरी नोत्र-दाम उभं कसं राहिलं?

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसचं नोत्र-दाम हे मध्ययुगीन चर्च जळताना जगभरच्या लोकांनी टीव्हीवर बघितलं. आठच्या सुमारास मधोमध असलेला उंच, निमुळता मनोरा पेटत्या अवस्थेत वाकला आणि मोडून खाली गेला. तेव्हा बहुतेकांना वाटलं, आता काही उरत नाही. पण दुसऱ्या दिवशी आतले फोटो आले, तर भिंती उभ्या होत्या. पुढचे दोन्ही बुरूज शाबूत होते. तिन्ही मोठ्या गोल रंगीत खिडक्या जागच्या जागी होत्या. डोक्यावरच्या दगडी छताला तीन मोठी भगदाडं पडली होती, पण बाकीचं छत तसंच टिकून होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन नोत्र-दाम पुन्हा उघडलं आणि सप्टेंबर २०२५ पासून बुरुजांवरही जाता येऊ लागलं. आपल्याकडून युरोपला जाणाऱ्यांच्या यादीत ते पुन्हा वर आलं आहे. अडचण एकच, बऱ्याच ग्रुप टूरमध्ये नोत्र-दाम हा ‘फोटो स्टॉप’ असतो. बस थांबते, समोरून फोटो निघतात, बस सुटते. आणि ही वास्तू सर्वांत कमी समजते ती नेमकी समोरून! ती उभी कशी आहे, हे कळायचं तर तिच्या मागे जावं लागतं. एवढी मोठी आग लागूनही ती का पडली नाही, याचं उत्तरही तिथेच आहे.

दगडाचा स्वभाव

दगड दाब सहन करण्यात पक्का असतो. त्याच्यावर कितीही ओझं ठेवा, तो निमूट सोसतो. ताण मात्र त्याला सोसत नाही. लांब दगडी तुळई दोन खांबांवर आडवी ठेवली, तर तिच्या खालच्या बाजूवर ताण येतो आणि अंतर जास्त असेल तर ती मधून तडकते.

आपल्याकडच्या यादवकालीन देवळांनी हा स्वभाव ओळखून बांधकाम केलं आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंडपात उभं राहून वर बघा. खांब जवळजवळ आहेत, त्यांच्यावर आडव्या शिळा आहेत, आणि त्यांच्यावर एकेक थर थोडाथोडा पुढे काढत छत मिटवत नेलं आहे. सगळं वजन सरळ खाली जातं. म्हणूनच ती देवळं शतकानुशतकं उभी आहेत. पण या पद्धतीत खांबांमधलं अंतर फार वाढवता येत नाही.

युरोपातल्या चर्चची गरज वेगळी होती. तिथे शेकडो माणसं एकाच वेळी एका छताखाली प्रार्थनेला उभी राहणार. मग मधली जागा मोकळी हवी, म्हणजे कमान हवी. कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे दगडावर ताण येत नाही, फक्त दाब येतो. मोठं अंतर सहज पार होतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. कमान आपलं वजन नुसतं खाली देत नाही, ती दोन्ही पायांना बाहेरच्या दिशेने रेटते. कमान जितकी पसरट, तितका हा आडवा रेटा जास्त. आणि भिंत जितकी उंच, तितकी त्या रेट्याने ती बाहेर कलण्याची भीती मोठी.

अकराव्या शतकापर्यंत यावर उपाय एकच होता, भिंती जाडजूड करायच्या आणि त्यांत खिडक्या लहान ठेवायच्या. त्यामुळे आत अंधार. पॅरिसमध्येच सँ-जर्मेन-दे-प्रे नावाचं चर्च आहे. त्याचा मुख्य भाग आणि बुरूज या जुन्या पद्धतीचे, तर वेदीकडचा भाग नंतरचा. तो ११६३ मध्ये विधिपूर्वक पवित्र केला गेला, म्हणजे नोत्र-दामचं काम सुरू झालं त्याच वर्षी. एकाच छपराखाली जुनं आणि नवं शेजारी-शेजारी बघायला मिळतं. गर्दीही नोत्र-दामच्या मानाने काहीच नसते.

रेटा सांभाळायच्या युक्त्या

बाराव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या आसपास गवंड्यांनी काही जुन्या युक्त्या एकत्र आणल्या आणि त्यातून जी बांधणी तयार झाली तिला आज आपण गॉथिक म्हणतो. तिची पहिली मोठी खूण पॅरिसच्या उत्तरेला सँ-देनी इथे दिसते. तिथले मठाधिपती स्युजेर यांनी बांधून घेतलेला वेदीमागचा भाग ११४४ मध्ये पूर्ण झाला.

कमान गोल न ठेवता वर टोकदार करणं ही एक युक्ती. टोकदार कमान उभट असते, त्यामुळे तिचा आडवा रेटा कमी. शिवाय तिची रुंदी बदलली तरी उंची तीच ठेवता येते, हे अर्धगोल कमानीला जमत नाही. मग वेगवेगळ्या रुंदीचे गाळे, म्हणजे खांबांमधल्या जागा, एकाच उंचीच्या छताखाली आणता येतात.

दुसरी युक्ती छताची. संपूर्ण छत एकसारखं जाड न बांधता आधी तिरप्या कमानींचा सांगाडा उभा करायचा. या कमानींना बरगड्या म्हणू. मग त्यांच्या मधल्या जागा पातळ दगडांनी भरून काढायच्या. नोत्र-दामच्या दगडी छताची जाडी वीतभरही नाही. जमिनीपासून तेहतीस मीटरवर, म्हणजे दहा-अकरा मजल्यांच्या उंचीवर, इतकं पातळ दगडी छत आठशे वर्षं टिकून आहे. बरगड्यांचा फायदा असा की छताचा भार सगळ्या भिंतीवर पसरत नाही, ठरावीक खांबांशी गोळा होतो. मग खांबांमधल्या भिंतीला काही कामच उरत नाही. ती काढून टाका आणि तिथे काच बसवा! गॉथिक चर्चमधला तो सगळा रंगीत उजेड इथून येतो.

पण आडवा रेटा कमी झाला, संपला नाही. आणि आता तर तो थोड्याशा जागांवर एकवटला आहे. तो पेलायला भिंतीच्या बाहेर, थोड्या अंतरावर दगडाचे जाड स्तंभ उभे केले आणि त्यांच्यापासून भिंतीच्या वरच्या भागापर्यंत हवेतून अर्धकमानी टाकल्या. इंग्रजीत त्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात. आपण टेकूकमानी म्हणू.

हे समजायला दहीहंडीचा थर आठवा. खालच्या थरातल्या गोविंदांवर वरचं वजन येतं तसे ते बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात. म्हणून त्यांच्याभोवती कडं करून आणखी माणसं उभी असतात. त्यांच्या खांद्यावर कुणी चढलेलं नसतं. त्यांचं काम एवढंच, हात लावून आतल्या दिशेने रेटत राहायचं. लोकांचं लक्ष वर चढणाऱ्या पोराकडे असतं, पण थर टिकतो तो या बाहेरच्या कड्यामुळे. नोत्र-दामच्या टेकूकमानी म्हणजे हे कडं. छत भिंतींना बाहेर रेटतं, टेकूकमानी आत रेटतात, आणि या दोन रेट्यांच्या मध्ये भिंत स्थिर उभी राहते.

स्तंभांच्या माथ्यावर छोटे टोकदार दगडी सुळे दिसतात. ते सजावटीसाठी असावेत असं वाटतं, पण त्यांचं वजन कामाचं असतं. आडव्या रेट्यावर वरून वजन टाकलं की तो खालच्या दिशेला वळतो. टेकूकमानींच्या पाठीवरून पन्हळीही काढल्या आहेत. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांतून वाहत जातं आणि टोकाला असलेल्या प्राण्यांच्या तोंडांतून भिंतीपासून लांब पडतं.

या गवंड्यांकडे आजचं गणित नव्हतं. अनुभव, भूमितीचे ठोकताळे आणि आधीच्या चर्चमध्ये काय टिकलं, काय पडलं याची आठवण, एवढीच शिदोरी. ती नेहमी पुरली असंही नाही. पॅरिसच्या उत्तरेला बोव्हे नावाच्या गावात त्यांनी छत ४८ मीटर उंच नेलं आणि १२८४ मध्ये त्यातला काही भाग कोसळला. पुढे तिथला उंच मनोराही १५७३ मध्ये पडला. ते चर्च आजतागायत अर्धंच आहे. तरीही बघण्यासारखं आहे, कदाचित त्यामुळेच जास्त.

एका इमारतीला दोन छपरं

आता आगीकडे वळू. नोत्र-दामला दोन छपरं आहेत. आतून दिसतं ते दगडी, त्याच्या वर बाहेरून दिसतं ते लाकडी सांगाड्यावरचं उतरतं छप्पर, आणि त्यावर शिशाचे पत्रे. दोन छपरांच्या मधला माळा इतक्या ओक तुळयांनी भरलेला होता की त्याला फ्रेंच लोक ‘जंगल’ म्हणत. बाराव्या-तेराव्या शतकात त्यासाठी हजाराहून जास्त ओक वृक्ष तोडले गेले होते, बऱ्याचदा एका तुळईसाठी एक झाड.

दोन कशाला? नुसतं दगडी छत असतं तर पाऊस आणि थंडीने ते पाझरून फुटलं असतं. नुसतं लाकडी असतं तर एका ठिणगीने सगळं चर्च गेलं असतं. त्या काळी वीज पडून, मेणबत्तीमुळे, शहरातल्या आगीमुळे चर्च जळणं नवीन नव्हतं. लाकूड पाणी अडवतं आणि दगड आग अडवतो, अशी ही वाटणी आहे. २०१९ मध्ये ती वाटणी नेमकी तशीच उपयोगी पडली. जंगल पूर्ण जळालं, चारशेहून जास्त टन शिसं तापून वितळलं, पण पेटतं लाकूड वीतभर दगडाने वरच्या वर तोलून धरलं. जिथे मनोरा थेट कोसळला तिथे आणि आणखी दोन ठिकाणी छत फुटलं. बाकीचं टिकलं.

धोका मात्र आग विझल्यावर संपला नव्हता, उलट वेगळ्या प्रकारे वाढला होता. छताला भगदाडं पडली, म्हणजे आतून बाहेर येणारा रेटा काही ठिकाणी कमी झाला. बाहेरच्या टेकूकमानी मात्र पूर्वीच्याच जोराने आत रेटत होत्या. हंडीचा वरचा थर अचानक नाहीसा झाला आणि कडं रेटतच राहिलं तर काय होईल, तेच इथे होऊ शकलं असतं. भिंती आतल्या बाजूला ढासळल्या असत्या. म्हणून आगीनंतरच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे चर्चभोवतीच्या २८ टेकूकमानींच्या खाली त्यांच्याच आकाराचे भक्कम लाकडी आधार बसवणं. दगडी कमान बांधताना खाली लाकडी साचा लावतात, तसेच हे साचे होते, फक्त मोठे आणि प्रत्येक कमानीच्या मापाचे. मध्ययुगातल्या गवंड्याला हे दृश्य ओळखीचं वाटलं असतं.

भगदाडाच्या बरोबर वर आणखी एक संकट लोंबकळत होतं. आग लागली तेव्हा मनोऱ्याची दुरुस्ती चालू होती आणि त्याच्याभोवती पोलादी पायटा, म्हणजे कामासाठी उभारलेला नळांचा सांगाडा, होता. आगीत त्याचे हजारो नळ तापून वाकले आणि एकमेकांत गुंतले. दोराला लटकलेल्या कामगारांनी तो गुंता तुकड्यातुकड्याने कापून काढला. ते काम २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत चाललं.

तिथे गेल्यावर सुरुवात मागून करा

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, नोत्र-दाम समोरून बघू नका, निदान आधी तरी नको. सेन नदी ओलांडणाऱ्या तूर्नेल पुलावर जा. तिथून चर्चची मागची, अर्धगोल बाजू दिसते आणि तिच्याभोवती पसरलेल्या टेकूकमानी. यांतल्या वेदीभोवतीच्या मोठ्या कमानी चौदाव्या शतकात नव्याने बांधलेल्या आहेत. एकेक कमान सुमारे पंधरा मीटरची झेप घेते. मूळच्या बांधकामाला दीडशे वर्षं झाल्यावर गवंड्यांनी पुन्हा धीर करून त्या पातळ आणि लांब केल्या. पुलावर दहा मिनिटं उभं राहून एका कमानीवर नजर ठेवा आणि तिचा रेटा भिंतीपासून स्तंभात, स्तंभातून जमिनीत कसा उतरतो ते डोळ्यांनी गिरवा. हे एकदा जमलं की पुढे कोलोन असो, मिलान असो की चार्त्र, कुठल्याही गॉथिक चर्चचं गणित उलगडतं.

मग नदीच्या कडेने दक्षिण बाजूला या. इथे सुमारे तेरा मीटर व्यासाची गोल खिडकी आहे. या बाजूच्या भिंतीच्या पायाशी कोरलेल्या लेखात काम १२५८ मध्ये सुरू झाल्याचं आणि गवंडीप्रमुख जाँ द शेल यांचं नाव आहे. मध्ययुगातले कारागीर निनावी होते असं सरसकट म्हटलं जातं, ते इथे खोटं ठरतं.

समोरच्या बाजूला तिन्ही दारांच्या वर २८ राजांचे पुतळे एका रांगेत दिसतात. ते बायबलमधले, यहुदाचे राजे. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत लोकांनी त्यांना फ्रान्सचे राजे समजून खाली ओढलं आणि त्यांची डोकी उडवली. ती कुठे गेली याचा पत्ता नव्हता. १९७७ मध्ये पॅरिसमधल्या एका वाड्याच्या आवारात खोदकाम चालू असताना त्यांतली २१ डोकी सापडली. नीट पुरून ठेवलेली होती. आज ती क्लुनी संग्रहालयात आहेत, नोत्र-दामपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत. काहींच्या गालांवर आणि ओठांवर अजून रंगाचे अंश आहेत. ते बघितल्यावर कळतं की मध्ययुगात ही सगळी दगडी भिंत रंगवलेली होती. चर्चवर आज दिसणारे राजे एकोणिसाव्या शतकातले आहेत.

आत गेल्यावर बहुतेकांचे डोळे गोल खिडक्यांकडे जातात, जायलाच हवेत. उत्तरेकडच्या खिडकीत तेराव्या शतकातली काच सर्वांत जास्त टिकून आहे, तिच्यापुढे वेळ काढा. पण त्याआधी चर्चच्या मधोमध, जिथे क्रुसाच्या आकाराच्या या इमारतीचे दोन्ही बाहू मिळतात तिथे, म्हणजे मधल्या चौकात थांबा आणि शेजारच्या गाळ्यांची वरची भिंत बघा. मधल्या चौकाला लागून असलेल्या गाळ्यांत खिडकी छोटी आहे आणि तिच्या खाली एक वेगळं गोल भोक आहे. त्यापुढच्या गाळ्यांत ते भोक नाही, खिडकीच खाली लांब ओढलेली आहे. काय झालं असेल? सुरुवातीच्या आराखड्यात आत उजेड कमी पडत होता. टेकूकमानींवर विश्वास बसला तेव्हा, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, भिंतीचा आणखी भाग काढून खिडक्या मोठ्या केल्या. एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत मधल्या चौकालगतचे गाळे मुद्दाम जुन्या पद्धतीने परत बांधले, म्हणजे पहिला आराखडा कसा होता ते दिसावं. हजारो माणसं रोज त्याखालून जातात, वर फारसं कुणी बघत नाही.

‘पण आता तर हे सगळं नवीनच आहे ना?’

हा प्रश्न हमखास विचारला जातो. एवढा खर्च करून, रांगेत उभं राहून आपण बघायचं काय, २०२४ ची नक्कल?

नोत्र-दाम कधीच एका काळाचं नव्हतं. ११६३ च्या सुमारास बिशप मोरिस द स्युली यांच्या काळात काम सुरू झालं, बुरूज पूर्ण व्हायला तेराव्या शतकाचा मध्य उजाडला. मध्ययुगातला मनोरा अठराव्या शतकाअखेर धोकादायक म्हणून उतरवला गेला. क्रांतीनंतर इमारतीची दैना झाली. १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगो यांनी याच चर्चभोवती गुंफलेली कादंबरी लिहिली आणि लोकांचं लक्ष पुन्हा इकडे वळलं. १८४४ पासून वीस वर्षं वास्तुविशारद लास्यू आणि व्हियोले-ल-द्युक यांनी दुरुस्ती केली. २०१९ मध्ये कोसळताना दिसलेला मनोरा १८५९ चा, व्हियोले-ल-द्युक यांचा. बुरुजांच्या कठड्यावर हनुवटी तळहातांवर टेकून शहराकडे बघणारा तो प्रसिद्ध राक्षसही त्यांच्याच काळातला. पाणी सोडणारी तोंडं वेगळी, हा नुसता शोभेचा.

तेव्हा दगडी भिंती, छताचा मोठा भाग, टेकूकमानी, बरीचशी काच, कोरीव दारं हे मध्ययुगीन आहे. मनोरा आणि लाकडी छप्पर पुन्हा केलेलं आहे. पण ते कसं केलं, हे समजून घेण्यासारखं आहे. आगीनंतर लगेच काचेचं छप्पर, गच्चीवर बाग, नव्या धर्तीचा मनोरा अशा कल्पनांचा पाऊस पडला होता. सरकारने आंतरराष्ट्रीय स्पर्धेची घोषणाही केली होती. शेवटी २०२० मध्ये ठरलं, जसं होतं तसंच बांधायचं. त्याला दोन गोष्टींनी आधार दिला. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीच्या काही वर्षं आधी लेझरने संपूर्ण चर्च मोजून ठेवलं होतं. आणि २०१४ मध्ये दोन तरुण वास्तुविशारदांनी ‘जंगला’तली तुळई न् तुळई मोजून तिची रेखाटनं केली होती. तेव्हा त्या कामाची फारशी बातमीही झाली नसेल.

नव्या सांगाड्यासाठी फ्रान्सभरातून सुमारे दोन हजार ओक आले. मुख्य छपराच्या तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने तासल्या. लाकूड वाळवत न बसता ओलंच वापरलं, कारण मध्ययुगातही तसंच वापरत. ओलं लाकूड कुऱ्हाडीला मऊ लागतं, आणि धाग्याच्या दिशेने तासलं की झाडाचा नैसर्गिक वाक तुळईत राहतो, धागा तुटत नाही. करवतीने सरळ चौकोन काढला की तो तुटतो. ही कला जिवंत होती ती थोड्या लोकांमुळे. बरगंडीत गेदलों या ठिकाणी १९९७ पासून तेराव्या शतकातल्याच साधनांनी एक किल्ला बांधला जातो आहे, तिथे तयार झालेले सुतार नोत्र-दामवर आले. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. दगड आणि लाकूड पुन्हा मिळतं. ते घडवणारा हात एकदा गेला की पुस्तकातून परत आणता येत नाही.

आगीने काही नवी माहितीही दिली. दगड एकमेकांना जखडून ठेवण्यासाठी लोखंडी आकडे वापरले आहेत, अगदी ११६० च्या दशकापासून, हे छप्पर उघडं पडल्यामुळे समजलं. म्हणजे निव्वळ दगडाचं वाटणारं हे बांधकाम पहिल्यापासून लोखंडाच्या मदतीने उभं होतं. २०२२ मध्ये मधल्या चौकाच्या फरशीखाली वेदीकडचा भाग वेगळा करणाऱ्या, तेराव्या शतकातल्या कोरीव दगडी पडद्याचे तुकडे सापडले, रंगासकट.

पैसा, शिसं आणि नव्या काचा

जगभरातून सुमारे ८४ कोटी ६० लाख युरो देणगी आली, तीन लाखांहून जास्त लोकांकडून. एका चर्चसाठी इतका पैसा कशाला, हा सवाल फ्रान्समध्येही खूप गाजला. तो चुकीचा नाही. पण १९०५ च्या कायद्यापासून फ्रान्समधली अशी जुनी कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं पीठ असलेली मुख्य चर्च, सरकारच्या मालकीची आहेत. चर्च फक्त ती वापरतं. त्यामुळे दुरुस्ती कुणीतरी करायचीच होती, आणि देणग्यांमुळे करदात्यांवरचा बोजा कमी झाला. एवढं मात्र खरं, फ्रान्समध्ये शेकडो लहान गावांतली जुनी चर्च पडायला आली आहेत आणि त्यांच्या वाट्याला असे देणगीदार येत नाहीत.

शिशावरचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आगीत शिशाची धूळ आसपासच्या वस्तीत आणि शाळांपर्यंत गेली, त्यावरून पालक आणि कामगार संघटना बरोबर चिडल्या. तरीही नवं छप्पर शिशाचंच आहे. मूळ रूप राखायचं, आणि शिसं लवचीक, टिकाऊ, सांधे नीट बसणारं, ही त्यामागची कारणं. या वेळी माळ्यावर आग ओळखणारी यंत्रणा आणि पाण्याचे सूक्ष्म तुषार फवारणारे नळ बसवले आहेत.

तिसरा वाद अजून चालू आहे. दक्षिणेकडच्या सहा छोट्या दालनांतल्या एकोणिसाव्या शतकातल्या काचा काढून तिथे चित्रकार क्लेर ताबुरे यांच्या नव्या रंगीत काचा बसवायचं ठरलं आहे. आगीत त्या जुन्या काचांना धक्का लागला नव्हता. मग शाबूत काचा का काढायच्या, असं विरोधकांचं म्हणणं. प्रत्येक शतकाने आपली खूण इथे सोडली आहे, मग आपल्या शतकाने का सोडू नये, असं समर्थकांचं. मला पहिली बाजू पटते. जळून गेलेल्या जागी नवं करावं, टिकलेलं काढून नव्हे.

मुंबईकरांना यातलं बरंचसं ओळखीचं

व्हियोले-ल-द्युक नोत्र-दामची दुरुस्ती करत होते त्याच शतकात इंग्लंडमध्येही गॉथिकचं पुनरुज्जीवन जोरात होतं आणि ते मुंबईत आलं. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेलं, १८८८ मध्ये पूर्ण झालेलं आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा राजाबाई टॉवर ही त्याची दोन ठळक रूपं. टर्मिनसच्या तिकीटघरातल्या स्टार चेंबरमध्ये उभं राहून वर बघा, टोकदार कमानी आणि बरगड्यांचं छत डोक्यावर आहे. बाहेरच्या भिंतींतून डोकावणारे प्राणी आहेत, त्यांच्या कोरीव कामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. लोकल पकडायच्या घाईत मान वर होत नाही हे खरं, पण पॅरिसला जायच्या आधी एकदा तिथे दहा मिनिटं थांबलात तर नोत्र-दाममध्ये पाय ठेवल्यावर नजरेला काय शोधायचं ते माहीत असेल.

जायचंच असेल तर

नोत्र-दाममध्ये प्रवेश मोफत आहे. अधिकृत संकेतस्थळावर वेळ राखून ठेवता येते, तीही मोफत, पण वेळा थोडेच दिवस आधी खुल्या होतात. आरक्षण नसेल तरी रांगेतून जाता येतं. त्यामुळे ‘नोत्र-दाम प्रवेश तिकीट’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. बुरुजांचं तिकीट वेगळं आहे आणि ते आधी काढावंच लागतं. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या अरुंद, वळणावळणाच्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बरोबरच्या ज्येष्ठांनी खालीच थांबलेलं बरं. आत रोज प्रार्थना चालते, तेव्हा आवाज कमी ठेवा आणि प्रार्थनेच्या वेळी फिरणं टाळा.

हाताशी अर्धा दिवस असेल तर त्याच बेटावर पाच-सात मिनिटांच्या अंतरावर सँत-शापेल आहे. राजा नववा लुई याने बांधून घेतलेलं, १२४८ मध्ये पवित्र झालेलं. न्यायालयाच्या आवारात असल्यामुळे तिथे कडक सुरक्षा तपासणी असते आणि तिकीट लागतं. वरच्या मजल्यावर पंधरा उंच खिडक्यांत बायबलमधली हजाराहून जास्त दृश्यं आहेत. भिंत जवळपास नाहीच, सगळी काच. आणि इथे बाहेर टेकूकमानी नाहीत. चर्च लहान आहे, म्हणून बाहेरच्या जाड स्तंभांवर आणि भिंतीत लपवलेल्या लोखंडी साखळ्यांवर भागलं. ऊन असताना जा. सँ-देनीला जायचं असेल तर मेट्रो १३ नंबरची, बाझिलिक द सँ-देनी स्टेशन. फ्रान्सच्या बहुतेक राजांच्या समाध्या तिथेच आहेत, आणि पाडलेला उत्तरेकडचा मनोरा परत उभारण्याचं कामही आता तिथे सुरू झालं आहे.